सेमिनरीच्या प्याल्यातला वास

भूत, लागीर, भानामती... असलं काही माझ्यापुढे बोलू नये, हे आमच्या ओळखीत सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या वडिलांनी ख्रिस्ती व्हायच्या आधीच आसेगावला दारात आलेल्या भगताला हाकलून लावलं होतं, आणि मी त्यांचीच मुलगी. या सदरात दर महिन्याला लोकांचे अनुभव छापून येतात. ते वाचून झाले की मी मासिक मिटते आणि कपाळाला हात लावते. पांढऱ्या लुगड्यातली बाई, पिंपळाखालचा म्हातारा... माणसांना दुसरं काही दिसत नाही का?

आणि तरी आज मीच लिहायला बसले आहे. माझ्या गोष्टीत कोणी दिसलं नाही, कोणी हाक मारली नाही. मला फक्त एक वास आला. तो इतका घाण होता, की इतक्या वर्षांनी लिहितानाही नाकाला पदर लावावासा वाटतो आहे.

मला घाण सोसत नाही, हे आधीच सांगून टाकते. ओल्या फडक्याचा वास, वाटीच्या काठाला राहिलेलं खरकटं, तंबाखू खाणाऱ्याची मिशी — नुसतं आठवलं तरी मी हात धुऊन येते. माहेरी आई म्हणायची, हिला राजाच्या घरी द्यावं लागेल. दिली कुठे, तर सेमिनरीत!

दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. वाशीमला तेव्हा सगळे बाशीम म्हणत. गावाबाहेर, जऊळक्याकडे जाणाऱ्या वाटेवर एका उंचवट्यावर आमच्या मिशनची सेमिनरी होती. पाळक तयार करायची शाळा, प्रेसबिटेरियन पंथाची. मिशनचं नाव लिहीत नाही, त्यातली माणसं अजून आहेत. फाटकातून आत शिरलं की डावीकडे मोठ्या साहेबांचा, म्हणजे प्रिन्सिपॉलसाहेबांचा बंगला. उजवीकडे वर्गांची काळ्या दगडाची इमारत, तिच्या टोकाला लायब्ररी. मागे एकट्या विद्यार्थ्यांचं होस्टेल, आणि त्याच्याही मागे विहिरीला लागून आमची जोडप्यांची लाइन. एकेक खोली, एकेक ओटा. मधोमध चॅपेल. बाकीच्या इमारती कशा चौकोनी, नीटस... चॅपेल मात्र लांबच्या लांब, अरुंद आणि बुटकं. गोठ्यासारखं. वर कौलं चढवली होती, खाली शहाबादी फरशी होती, पण मूळ आकार काही लपत नव्हता. त्याच्या मागच्या अंगाला फुलबाग होती. कण्हेर आणि मोगरा तिथे असा माजायचा की बाहेरून येणारे मुद्दाम बघायला जात.

आमचे हे, याकोबराव, शेवटच्या वर्षाला होते. हुशार. हिब्रू वाचायचे, उपदेश करायला उभे राहिले की बायका डोळे पुसायच्या. परीक्षा पास झाली की ऑर्डिनेशन, म्हणजे पाळकाची दीक्षा, आणि मग पगाराची जागा. त्यांच्या वडिलांनी ख्रिस्ती झाल्यावर भावकीतली जमीन सोडली होती, त्यामुळे मागे परतायला घर नव्हतं. जे काही होतं ते या दीक्षेवर होतं.

आता प्रभुभोजन म्हणजे काय ते सांगते. तीन महिन्यांतून एकदा भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरस सगळ्या मंडळीला, म्हणजे चर्चच्या सभासदांना देतात. आमच्याकडे द्राक्षं कुठली, म्हणून मनुका उकळून त्यांचं पाणी. ते एका चांदीच्या मुलाम्याच्या प्याल्यात ओतायचं आणि तो प्याला बाकाबाकावरून हातोहात फिरायचा. सगळ्यांनी त्याच काठाला ओठ लावायचे. बरोबर एल्डर, म्हणजे मंडळीचे वडील, एक फडकं घेऊन चालायचे आणि काठ पुसायचे. फडकंही एकच! सगळ्यांच्या तोंडचं त्या फडक्याला आणि फडक्याचं पुन्हा सगळ्यांच्या तोंडाला. माहेरच्या लहान मंडळीत मी डोळे मिटून पिऊन घेत असे. किळस यायची, पण ती गिळण्यापुरती होती.

सेमिनरीतल्या पहिल्याच प्रभुभोजनाला मी बायकांच्या शेवटच्या बाकावर होते. प्याला माझ्या हातात आला... आणि तो कोमट लागला. तोंडाजवळ नेला तर मनुकांचा वासच नाही. आंबलेल्या कण्यांचा वास. ज्वारीच्या कण्या पातळ शिजवून दोन दिवस झाकून ठेवाव्यात तसा, आणि त्याच्यात मिसळलेला, माफ करा, लहान लेकराच्या ओकारीचा. माझ्या घशाशी आलं. मी प्याला तसाच पुढे दिला आणि पदर तोंडात कोंबून बसले. शेजारची बाई घटाघट प्याली आणि तिने ओठ चाटले.

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. हे हसले. म्हणाले, मनुका जास्त उकळल्या असतील. मलाही ते पटलं, कारण मला पटवूनच घ्यायचं होतं.

पुढच्या खेपेला मी मडमबाईंना, म्हणजे मोठ्या साहेबांच्या बायकोला, विनंती करून तयारीचं काम माझ्याकडे घेतलं. मनुका मी निवडल्या, मी धुतल्या, मी उकळल्या. प्याला आधी चिंचेनं घासला, मग राखेनं, मग कढत पाण्यातून काढला. आतून बाहेरून नाकाला लावून बघितला. स्वच्छ. त्या दिवशी मी मुद्दाम पहिल्या बाकावर बसले. प्याल्याला अजून कोणाचं तोंड लागलेलं नव्हतं. फडकं कोरडं होतं. प्याला हातात आला आणि पुन्हा तेच. कोमट, आंबूस, ओकारीचा. आणि या वेळी काठावर ओल होती, चिकट, लाळेसारखी. मी स्वतः घासलेला काठ!

मी बाहेर पळाले आणि चॅपेलच्या पायरीशी ओकले. सगळ्यांनी पाहिलं.

आता इथे जी चूक झाली, ती आमच्याच लोकांकडून होऊ शकते. मला काय झालं हे कोणी विचारलं नाही. सगळ्यांना ते आधीच कळलं होतं. मी कुणब्याची मुलगी. प्याल्याला ज्या लोकांची तोंडं लागली होती त्यांच्यात सगळ्या जातींचे लोक होते, आणि एका प्याल्यानं पिणं हीच तर आमच्या मंडळीत जात गेल्याची खूण. तेव्हा निकाल झाला, की रिबकाबाईच्या, म्हणजे माझ्या, पोटातून जात गेलेली नाही. विहिरीवर बायका मला घागर भरू द्यायला बाजूला सरकू लागल्या. वाकून, पदर सावरून, मुद्दाम, जणू त्यांचा मला विटाळ होणार होता. मला संताप आला. त्याहून जास्त संताप याचा, की मनातल्या मनात मी स्वतःलाच तपासायला लागले. तसंच असेल का? पण जातीला ओकारीचा वास कसा असेल?

सगळ्यात कडक होते एलियास मास्तर. ते सेमिनरीत जुना करार शिकवायचे आणि मंडळीचे मुख्य एल्डर होते. पन्नाशीचे, उंच, दाढीवाले. लहानपणापासून याच कंपाउंडमध्ये वाढलेले. ते मूळचे कोणत्या जातीचे, ते कोणी विचारत नसे, कारण ते सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी ह्यांना बोलावून सांगितलं, की ज्याची बायको प्याल्याला नाही म्हणते त्याला सेशन पाळक म्हणून पुढे करणार नाही. सेशन म्हणजे एल्डर लोकांची सभा. दीक्षेच्या रविवारी बायकोनं सगळ्यांसमोर प्यावं, नाहीतर दीक्षा नाही. मी निरोप पाठवला, की लहान लहान वेगळे पेले ठेवा, परदेशात आता तसेच ठेवतात असं मडमबाईंनीच मला सांगितलंय. उत्तर आलं, की वेगळे पेले गावातल्या हॉटेलात असतात, कोणासाठी ते तुम्हाला माहीत आहे. मास्तरांचं चुकत नव्हतं हो! तीच तर पंचाईत होती.

मग सेमिनरीचा स्थापनादिन आला. चॅपेल पताकांनी सजवलं आणि मोठ्या साहेबांनी संस्थेचा इतिहास सांगितला. साहेबांचं मराठी पुस्तकी, पण गोड. कोणती इमारत कोणत्या साहेबांनी बांधली, दगड कुठल्या खाणीचा, घंटा कोणत्या बोटीनं आली... मी अर्धवट ऐकत होते. आणि मग ते चॅपेलवर आले. म्हणाले, ही आपली सर्वांत जुनी वास्तू. छप्पनच्या, म्हणजे सन एकोणीसशेच्या दुष्काळात ही एक टिनाची शेड होती. पोरकी लेकरं रस्त्यावरून उचलून इथे आणली जात आणि त्यांना कण्यांची पेज पाजली जाई.

कण्या! हे शेजारच्या रांगेत होते, त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. मी त्यांना कण्या म्हणून सांगितलं होतं. कितीतरी आधी.

साहेब पुढे सांगतच होते, हसऱ्या चेहऱ्यानं. त्या वेळच्या साहेबांनी ठरवलं, की भुकेबरोबर जातही मेली पाहिजे. म्हणून त्यांनी वेगळी भांडी दिली नाहीत. प्रभुभोजनाचा प्याला आणला, हाच, आणि रांगेत बसलेल्या सगळ्या लेकरांना त्यातूनच पाजलं. काही लेकरं तोंड घट्ट मिटून बसत. घरी शिकवलेलं असे ना! मग आपले एलियास, तेव्हा सगळ्यांत थोराड मुलगा, ते प्याला घेऊन फिरायचे आणि अशांचं तोंड प्रेमानं उघडायचे. इथे लोक हसले. कित्येकांच्या पोटात पहिल्यांदा टिकायचं नाही, पण अन्नाचा कण वाया जाऊ दिला नाही, साहेब म्हणाले. पुढे पटकी आली आणि पुष्कळ लेकरं प्रभूनं आपल्याजवळ बोलावली. ती मागे निजली आहेत, जिथे आज आपली सुंदर फुलबाग आहे. जी वाचली ती एका प्याल्याची मंडळी झाली. टाळ्या.

कण वाया जाऊ दिला नाही... म्हणजे काय, हे त्या चॅपेलमध्ये कोणाच्याच डोक्यात आलं नाही का? एका लेकरानं प्याल्यात ओकायचं आणि तोच प्याला पुढच्याच्या तोंडाला लावायचा! आणि पटकी कुठून आली ते प्रभूला विचारायचं! मला साहेबांची, टाळ्यांची, पताकांची, त्या मोगऱ्याची, सगळ्याची शिसारी आली. एलियास मास्तर मात्र टाळ्या वाजवत नव्हते. खाली फरशीकडे बघत होते.

त्याच दुपारी मी त्यांच्या घरी गेले. ते ओट्यावर एकटे होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. कोमट प्याला, कण्या, ओकारी, काठावरची लाळ. आणि हेही, की साहेबांचं भाषण ऐकायच्या आधीपासून हा वास मला येतो, ह्यांना विचारा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले,

"हनुवटी धरा लागते, बाई. अन् नाक दाबा लागते. मंग तोंड उघडतेच. मले तसं शिकवलं होतं."

मी विचारलं, आणि नाही उघडलं तर?

"उघडतेच," ते म्हणाले. "एक पोरगी होती, तुमच्याच आसेगावकडची. तिनं दात असे धरले... पण उघडलेच."

ती वाचली का, हे मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलंही नाही. त्यांनी फक्त एवढं म्हटलं, की ते दिवस तसे होते, त्या पेजेवर मी जगलो, त्याले मी नावं ठेवणार नाई. आणि याकोबचं नुकसान करू नका. मी घरी आले. ह्यांना विचारलं, आता काय करू? हे म्हणाले, तुला जमेल तसं कर. पण त्यांचा चेहरा मला दिसत होता.

दीक्षेचा रविवार आला. आजूबाजूच्या मंडळ्यांतून, शेलूबाजारकडून बैलगाड्या करून माणसं आली होती. चॅपेल भरून गेलं. हे पुढे पांढऱ्या कोटात उभे. प्याला आधी माझ्याकडे आणला, कारण सगळ्यांना तेच बघायचं होतं. एलियास मास्तरांनी स्वतः तो माझ्या हातात दिला. मी श्वास कोंडला, डोळे मिटले आणि मनाशी म्हटलं, ओकायचं असेल तर घरी जाऊन ओकू. आणि मोठा घोट घेतला.

मनुका. नुसत्या मनुका. गार आणि गोड.

मी डोळे उघडले. श्वास घेतला. काहीच वास नव्हता. मागे बायकांनी सुस्कारा सोडला तो मला ऐकू आला. मी प्याला परत दिला. मंडळीभर फिरून तो शेवटी मास्तरांकडे आला. उरलेला रस मुख्य एल्डरनं संपवायचा अशी आमच्याकडे रीत. त्यांनी प्याला तोंडाला लावला आणि तिथेच थांबले. जबडा आवळला गेला. गालावरच्या शिरा वर आल्या. त्यांनी प्याला कलवला, तर रस मिटलेल्या ओठांवरून दाढीत ओघळला. त्यांनी डाव्या हातानं स्वतःची हनुवटी धरली. खरंच धरली, आणि खाली ओढू लागले. मी पहिल्या बाकावर होते. ते माझ्याकडे बघत दातातल्या दातात म्हणाले,

"बाई, वास येऊन राह्यला."

लोकांना वाटलं, म्हातारपणाची चक्कर आली. त्यांना धरून बसवलं. ह्यांची दीक्षा पार पडली. पेढे वाटले.

त्यानंतर एलियास मास्तरांनी प्याल्याला तोंड लावलं नाही. घरी भाकर खायचे, पाणी प्यायचे, वर्गात शिकवायचे, सगळं नीट. फक्त तो प्याला आला की दात आवळले जायचे. दोन-तीन प्रभुभोजनं तशी गेल्यावर कुजबुज सुरू झाली, आणि ती काय असणार ते तुम्ही ओळखलंच असेल. माझ्याबद्दल जे बोलले तेच. परत हिंदू करून घेणाऱ्या शुद्धिवाल्यांनी फितवलं, जुन्या लोकांत परत जायचं आहे, म्हणून आता मंडळीचा प्याला नको झाला! ज्या माणसानं सगळं आयुष्य त्या प्याल्यासाठी घालवलं, त्याच्याबद्दल हे.

सेशन बसलं. आमचे हे आता पाळक, त्याच मंडळीचे, त्यामुळे सेशनचे अध्यक्ष. जाण्याआधी मी ह्यांना म्हटलं, तुम्हाला सगळं माहीत आहे. मला वास येत होता तेव्हापासून माहीत आहे. उभं राहून एवढंच सांगा, की त्या माणसाला वास येतो, आणि कशाचा येतो.

हे म्हणाले, "असं सांगितलं त मले येड्यात काढतील. आत्ताच त जागा मिळाली."

ह्यांनी काही सांगितलं नाही. मास्तरांना एल्डरपणावरून आणि शिकवण्यावरून काढायचा ठराव झाला, आणि त्याच्याखाली अध्यक्ष म्हणून ह्यांची सही झाली. मास्तर लहानपणी ज्या कंपाउंडमध्ये आले होते तिथून एक ट्रंक घेऊन पायी स्टेशनकडे गेले. मी ओट्यावरून बघत होते. ते पुढे कुठे राहिले, केव्हा वारले, मला माहीत नाही.

त्या दिवशी हे सेशनहून आले, जेवले, हात धुवायला उठले. आमच्यात असं काही पाळायचं बंधन नव्हतं, पण माझ्या आईची रीत मी लग्नापासून धरून होते. नवऱ्याचं जेवण झालं की त्याच्याच उष्ट्या ताटात वाढून घ्यायचं. मला एवढी सगळ्याची किळस, पण ह्यांच्या ताटाची कधीही आली नव्हती. ह्यांनी अर्धी ठेवलेली भाकर मला आवडायची. मी ताट पुढे ओढलं, वरण वाढून घेतलं, पहिला घास तोंडाशी नेला...

कण्या. आंबलेल्या. आणि ओकारी.

मी दुसरं ताट घेतलं. ह्यांनी बघितलं, आणि हात पुसत हे ओट्यावर गेले. आजही आम्ही एकाच घरात राहतो, त्यांचे उपदेश ऐकून बायका अजून डोळे पुसतात, आणि मी वेगळ्या ताटात जेवते. डॉक्टरांना विचारलं, ते पित्त म्हणाले. एका शहाण्या बाईंनी मनाचे खेळ म्हटलं. असतील. पण मनाला त्या कण्या आधी कशा कळल्या, ते कोणी सांगत नाही. वाचकांपैकी कोणाला सांगता आलं तर जरूर लिहावं. ताट मात्र मी वेगळंच घेणार आहे.